तातेरावांचा कान

"आला," असं म्हणून सत्यशीला कणकेचे हात तसेच वर धरून दारात उभी राहिली. उषाबाईंनी शेंगा फोडायचं थांबवलं. दोघींनी खिडकीतल्या एसीकडे पाहिलं आणि मग दोघींनी तातेरावांकडे. तातेरावांनीही एसीकडे पाहिलं, कारण घरातले सगळे एका दिशेला बघत असताना घरच्या कर्त्या माणसाने दुसरीकडे बघणं बरं दिसत नाही.

"काय आला?" त्यांनी विचारलं.

सत्यशीला वळसा घालून त्यांच्या खुर्चीसमोर आली आणि मग बोलली. ही त्यांची सून. कितीही घाई असली तरी ती सासऱ्याशी मागून किंवा बाजूने बोलत नसे, समोर येऊनच बोलायची. मुलगा बद्रीनाथही तसाच. इतक्या वर्षांच्या संसारानंतर उषाबाईंनाही ती रीत कळली होती. जालन्याच्या त्या अख्ख्या कॉलनीत वडीलधाऱ्याला एवढा मान देणारं दुसरं घर नाही, असं तातेरावांचं मत होतं आणि ते त्यांनी कॉलनीत सांगूनही ठेवलं होतं.

"आवाज, मामा. काल आल्ता तोच. कर्र करून राह्यलंय मशीन."

"मला तर न्हाई आला."

"आता थांबला."

"मी ऐकाया बसलो की बराबर थांबतो."

सत्यशीला आत वळली. कणिक वाळत होती.

तातेरावांना आवाज ऐकू आला नव्हता. ज्या अर्थी त्यांना आला नव्हता, त्या अर्थी तो नव्हता. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तो अहंकार ठरला असता. तातेरावांच्या बाबतीत तो नुसता अनुभव होता. त्यांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका री-रोलिंग मिलमध्ये, रोलांच्या शेजारी उभं राहून गेली. भट्टीतून निघालेलं लालभडक लोखंड एकामागून एक रोलांच्या जोड्यांमधून धावतं आणि शेवटी सळई होऊन बाहेर पडतं. मधलं एखादं बेरिंग कोरडं पडलं तर तीच सळई वाट सोडते आणि सापासारखी माणसांच्या अंगावर उसळते. बेरिंग मरण्याआधी कण्हतं, आणि एवढ्या धडधडाटात ते कण्हणं एकट्या तातेरावांना ऐकू यायचं. आलं की ते उजवा पंजा वर करत. मिलमध्ये बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, तिथला सगळा कारभार हातांनी चालतो. तातेरावांचा पंजा वर गेला की रोल थांबत. शेठ स्वतः समोर उभे असले तरी थांबत. का, असं कुणी विचारत नसे. काही माणसं आज दोन्ही पायांवर चालत होती ती त्या पंज्यामुळे, आणि दिवाळीला फराळ घेऊन येत तेव्हा ती तसं सांगतही.

ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत मिलमध्ये सळई उसळली. कुणाला लागली नाही, पण शेठ हादरले. निरोप आला, की सोमवारपासून तातेरावांनी यावं, कामाला हात लावू नये, खुर्ची टाकून नुसतं ऐकत बसावं. तातेरावांनी निरोप आणणाऱ्याला दोनदा चहा पाजला आणि खाकी शर्ट इस्त्रीला टाकला.

आणि नेमक्या ह्याच आठवड्यात घरातल्या बायकांना एसीतून आवाज ऐकू यायला लागला.

एसी बद्रीनाथने आणला होता. तो एका बियाण्याच्या कंपनीत होता; तिथल्या ऑफिसने जुने एसी काढले तेव्हा एक त्याच्या वाट्याला आला. "जन्मभर भट्टीपुढं भाजले तुम्ही, आता गार बसा," असं म्हणून त्याने तो वडिलांच्या खोलीत बसवला. पोराची खोली पश्चिमेची, मे महिन्यात तिथे पापड भाजावेत अशी. तेव्हा हा आवाज कुणाच्या सोयीचा होता, हे समजायला फार डोकं लागत नव्हतं. आधी आवाज, मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीहून परत येताना मशीन वाट चुकून पश्चिमेच्या खोलीत. तातेरावांना सुनेचा राग नव्हता, पण निदान सरळ मागायचा होता एसी, असं त्यांना वाटलं.

त्यांनी चौकशी सुरू केली. साक्षी एकमेकींच्या कानावर जाऊ नयेत म्हणून उषाबाईंना गच्चीवर वाळवणापाशी गाठलं आणि आवाज कसा येतो ते विचारलं. पिठाची गिरणी लांब कुठंतरी चालू असावी तसा, असं त्या म्हणाल्या. सत्यशीलाला स्वयंपाकघरात विचारलं. ती म्हणाली, रातकिडा ओरडतो तसा. गिरणी आणि रातकिडा. कुठलंही कोर्ट अशी साक्ष बाहेर फेकेल. तातेरावांनी हे बद्रीनाथच्या निदर्शनास आणलं. बद्रीनाथने समोर येऊन, सावकाश, पहिल्यांदा रातकिडा आणि मशीन तापलं की गिरणी, असा खुलासा केला. हा खुलासा तर फारच तयार होता. म्हणजे तोही सामील.

मग शेजारचे काकासाहेब. त्यांची बैठकीची खोली एसीच्या पाठीकडे. तुमच्या मशीनमध्ये बेडूक बसलाय काय, असं त्यांनी कुंपणावरून विचारलं, आणि लगे हात हेही सांगितलं की तुमच्या टीव्हीवरच्या बातम्या आम्ही घरी बसून ऐकतो, आमचा टीव्ही लावायची गरज राहिलेली नाही. फुकट बातम्या ऐकून वर बेडकाची तक्रार करणाऱ्या माणसाच्या घरी एसी नाही, ही गोष्ट तातेरावांनी लक्षात घेतली.

शुक्रवारी बद्रीनाथने मेकॅनिक पाठवला. पुंजाराम नावाचा माणूस, हातात पिशवी. तो एसीसमोर मान तिरपी करून उभा राहिला आणि पिशवी न उघडताच म्हणाला, "पंख्याच्या मोटरचं बुश, म्हंजे बेरिंगच, घासून राह्यलंय."

"खोललं तरी कुठं तुम्ही अजून?"

"खोलायचं काय काम? आवाजच सांगून राह्यला ना."

हे वाक्य तातेरावांचं होतं. आयुष्यभर त्यांनी ते दुसऱ्यांना ऐकवलं होतं. स्वतःला ऐकावं लागल्यावर ते किती उद्धट आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"गाव कंचं तुमचं?"

"तीर्थपुरी."

सत्यशीलाचं माहेर तीर्थपुरी. चौकशी तिथेच संपली. पुंजारामला पाणी देऊन वाटेला लावण्यात आलं. असंच चालवलं तर मोटर जळेल, धूर निघेल, असं तो दारातून सांगत होता, पण तोवर तातेरावांनी पाठ फिरवली होती. त्या दिवशी त्यांनी एसी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद केला नाही. उषाबाई शाल पांघरून बसल्या.

शनिवारी जेवणं झाल्यावर भिवा आला.

भिवा म्हणजे भट्टीच्या दारावरचा माणूस. लोखंड रोलांकडे सोडायचं ते भिवाने. सोडण्याआधी तो लांबून तातेरावांकडे बघून अंगठा पुढे झुकवायचा, म्हणजे सोडू का? तातेरावांनी मान हलवली की लालभडक लोखंड धावत सुटायचं. सगळ्या नोकरीत दोघांचं असं बोलणं लाखो वेळा झालं असेल, आणि तोंडाने फार तर जेवणाच्या सुट्टीत. भेटल्यावर एकजण राम राम घालायचा, दुसरा जय भीम, आणि दोघेही हात उंचावून हसायचे. हल्ली शेठने भिवाला गेटवर बसवलं होतं. ट्रकवाले त्याला उर्मट म्हणत, हॉर्न दिला तरी उठत नाही म्हणून.

सोमवारी आपल्या लुनावरून तातेरावांना मिलमध्ये न्यायचं काम भिवाकडे होतं. तातेरावांनी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं. ह्या माणसाचं तीर्थपुरीशी नातं नाही, त्याला पश्चिमेची खोली नको, आणि तो कधी खोटं बोललेला नाही. एवढा निःपक्षपाती साक्षीदार अख्ख्या जालन्यात मिळाला नसता. त्यांनी सुनेला दारात बोलावलं, म्हणजे नंतर कुणी नाही म्हणायला नको.

"भिवा, तू मिलचा माणूस. ह्या मशीनमधून काही आवाज येऊन राह्यलाय का? खरं सांग."

भिवा उठला, एसीजवळ गेला, डोळे बारीक केले, परत येऊन बसला.

"बिलकुल न्हाई."

"ऐकलं?" तातेराव सुनेला म्हणाले.

"चालू हाये का पण?" भिवाने विचारलं.

तातेराव पोट धरून हसले. मशीन इतकं गुळगुळीत चाललंय, की ते चालू आहे हेसुद्धा मिलच्या माणसाला कळत नाही. याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? सत्यशीला हसली नाही. ती भिवाकडे बघत होती, मग खाली फरशीकडे बघायला लागली. हरलेलं माणूस असंच बघतं, असं तातेरावांना वाटलं आणि त्यांनी मोठ्या मनाने विषय बदलला. सोमवारची खुर्ची दुसऱ्या जोडीपाशी टाकायची की तिसऱ्या, यावर ते बोलू लागले. भिवा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होता.

उषाबाई चहा घेऊन आल्या. त्या भिवाच्या पाठीमागे होत्या. त्यांचे ओठ हलले. भावजी, चहा घ्या, असंच काहीतरी असणार. भिवा तातेरावांकडेच बघत राहिला. उषाबाईंचे ओठ पुन्हा हलले. भिवा हलला नाही.

उषाबाई रागावल्या नाहीत, त्यांनी आवाज चढवला असंही दिसलं नाही. हातातली कपबशी सांभाळत त्या सवयीने खुर्चीला वळसा घालून भिवाच्या समोर आल्या, कप त्याच्या डोळ्यांपुढे धरला, आणि तो बघतोय अशी खात्री झाल्यावर बोलल्या.

तातेराव बोलायचे थांबले.

तो वळसा त्यांच्या ओळखीचा होता. किती वर्षं झाली, ते आठवेना. सून तसा घालायची. बद्रीनाथ तसा घालायचा. घरात कुणीही त्यांच्याकडे यायचं ते असा वळसा घालूनच, आणि कॉलनीत त्यांनी तो मान म्हणून सांगितला होता.

"काय झालं?" उषाबाईंनी विचारलं. त्या आता त्यांच्यासमोर होत्या.

तातेराव उठले. एसीपाशी गेले आणि त्यांनी उजवा पंजा मशीनच्या अंगावर सपाट ठेवला. गार हवा मनगटावरून बाहीत शिरत होती. हाताला कळायला वेळ लागला नाही. आत काहीतरी फिरत होतं आणि प्रत्येक फेरीला एका जागी घासत होतं. कण्हण्याची पायरी ते केव्हाच ओलांडून गेलं होतं. असलं बेरिंग मिलमध्ये त्यांनी अर्धा तास चालू दिलं नसतं. इथे आठवडाभर चालवलं होतं.

"कोरडं हाये," ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले हे त्यांनाही माहीत नव्हतं.

ते वळले. भिवाने त्यांच्या पाठीमागे काही विचारलं असावं, उत्तराची वाट बघितली असावी, आणि मग मिलमधली जुनी रीत धरली असावी. कारण आता तो खुर्चीत पुढे सरकून, त्यांच्याकडे बघत, अंगठा पुढे झुकवून बसला होता. सोडू का? सोमवारचं पक्कं ना?

खाकी शर्ट इस्त्री होऊन खुंटीवर लटकत होता. सोमवारी तिथे पोरं उभी असतील, एका रांगेत, पाय उघडे, आणि सगळी खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघत असतील.

तातेरावांनी उजवा पंजा वर केला.

दारातून सत्यशीलाने तो पाहिला, पुढे होऊन भिंतीवरचं बटण दाबलं आणि एसी थांबला. पाठीमागच्या काकासाहेबांनासुद्धा ती शांतता ऐकू गेली असेल. भिवाने अंगठा हळूच मिटून घेतला आणि उरलेला चहा बशीत ओतला.

का, असं कुणी विचारलं नाही.