सिंधूताईचा पाइप

विक्कीनं टँकरच्या तोंडातून सिंधूताईचा हिरवा पाइप उपसला आणि वरूनच खाली टाकून दिला. पाइपात चढलेलं पाणी तिच्या पायांवर सांडून मातीत गेलं. एरवी मे महिन्यात या वस्तीत कोणी एवढं पाणी सांडलं असतं, तर बायकांनी सांडणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज बायकांनी नुसते आपापले ड्रम सारखे केले.

"काहून काढला रे पोट्ट्या?" सिंधूताईनं वर बघून विचारलं.

सगळ्यांचे पाइप टाकीत घालायला वस्तीतला विक्कीच वर चढायचा; आताही तो टँकरवर मांडी घालून बसला होता. बाकी सगळ्यांचे पाइप झाकणाच्या भोकात तसेच होते आणि खाली त्यांचे ड्रम भरत होते. त्यानं गोपिकाकडे पाहिलं. गोपिका म्हणजे सिंधूताईची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या वस्तीत आल्या होत्या.

"माह्याकडं काय पाहतं बे?" गोपिका त्याच्यावर खेकसली. मग सिंधूताईकडे न बघता म्हणाली, "राग नको धरू, सिंधू. तुही मेघा येऊन राहिली म्हने आज. तिथून."

"येऊन राहिली. मंग?"

"मंग काय? पाइप आपन तोंडानं ओढतो. एकाच टाकीत सगळ्याइचे पाइप. उद्या तिनं तोंड लावलं त सगळ्या वस्तीच्या पोटात जाईन ते. माह्या घरी लहान नाती आहेत वं."

'तिथून' आणि 'ते'. आठवडाभर वस्ती असंच बोलत होती. समुद्राकाठच्या त्या अणुवीज केंद्राचं नाव घेतलं तरी काही अंगाला लागेल, असं वाटत असावं. मेघाचा नवरा प्रेमानंद तिथे ठेकेदाराकडे वेल्डर होता. आतलं काहीतरी थंड राहायला हवं होतं ते राहिलं नाही, एवढंच लोकांना कळलं होतं. त्यापुढचं सांगायची कोणाची इच्छा नव्हती. टीव्हीवर कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस रोज यायचा आणि सांगायचा, परिस्थिती नियंत्रणात आहे, घाबरू नका. त्याच्या बाजूच्या चौकटीत माणसं बसमध्ये कोंबली जात असायची. नियंत्रणात आहे तर बस कशाला, हे त्याला विचारणारा एकही माईचा लाल तिथे नव्हता.

मग लोकांनी आपापली उत्तरं शोधली. विक्कीच्या मोबाइलवर आलं, की तिथला ढग विदर्भाकडे निघाला आहे. आयोडीन पोटात असलं की माणूस वाचतो म्हणे, म्हणून दुकानातलं मीठ एका दुपारीत संपलं. मागच्या गल्लीतला धोंडबा मूठभर मीठ पाण्यात ढवळून प्याला आणि त्याला सलाइन लावावं लागलं. हसावं की रडावं! पण ज्यांनी खरं सांगायचं ते मूग गिळून बसले, की लोक मीठच खाणार.

"तिले मशीन लावून पाहिलं स्टेशनवर," सिंधूताई म्हणाली. "डोक्यापासून पायापर्यंत. काही नाही निंगालं. तिनंच सांगतलं मले फोनवर."

"ते त म्हनतीलच, मावशी," विक्की वरून बोलला. "सरकार खरं सांगते का कधी? तुमीच सांगा."

सिंधूताईला जास्तच चीड आली. तिनं पाइप उचलला, टोकाची माती पदरानं पुसली.

तेवढ्यात कोपऱ्यावर ऑटो थांबला. टँकरनं गल्ली अडवली होती, म्हणून मेघा तिथेच उतरली. खांद्यावर एक पिशवी, कडेवर चार वर्षांची उन्नती. दोघींचे चेहरे उन्हानं काळवंडले होते. बसनं हलवलेल्या लोकांच्या कॅम्पातून सुटल्यावर आधी तिनं कळमेश्वरला सासरी फोन लावला होता. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. तेव्हा ती माहेरी आली.

बायका मागे सरल्या. तसं कोणी ठरवलं नव्हतं. ड्रम जागेवर राहिले, बायका तेवढ्या सरल्या आणि मधे वाट झाली. एकीनं नाकाला पदर लावला. दुसरीनं आपल्या पोराला मागे ओढलं. त्या वाटेनं मेघा खाली मान घालून चालत आली.

सिंधूताईचं डोकं फिरलं.

"सरकता काय वं? सरकता?" तिचा आवाज पार चौकापर्यंत गेला असेल. "सरका, अजून सरका! भिंतीत जाऊन बसा! माह्या सासूनं तुमच्यासमोर बसून काय काय दाखवलं होतं, इसरल्या का साऱ्याजनी?"

कोणी विसरलं नव्हतं. सिंधूताईची सासू मथुराबाई पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. दर चौदा एप्रिलला विहाराच्या ओट्यावर ती पोरासोरांना गोळा करायची आणि तिच्या लहानपणी विहिरीवर पाणी कसं मिळायचं ते करून दाखवायची. उकिडवं बसायचं. मान खाली. ओंजळ तोंडाशी. वरून कोणी गडव्यानं धार धरणार, पण गडवा ओंजळीला लागता कामा नये. लागला तर शिव्या, आणि वर गडवा विस्तवात घालून शुद्ध करायचा. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं ते बसणं मात्र वस्तीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होतं.

"गोपिका, तू त रडली होती ते पाहून. हाव का नाही? अन् आज तू माहा पाइप काढाले लावते?"

"भेव लागते वं, सिंधू," गोपिका हळू आवाजात म्हणाली.

"अवं, त्या लोकाइलेही भेवच लागत होतं! आपल्या हातानं त्याइचं पानी बाटते म्हनून भेत होते ते! ज्याइच्या सावलीचा इटाळ होत होता, त्याइच्या घरच्या आपन. आपन कोनाले म्हनतो वं, दूर सर? लाज वाटू द्या जराशी!"

टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला. कोणी हललं नाही. नाकाला लावलेला तो पदर हळूच खाली आला. गोपिका खालच्या मातीकडे बघत राहिली, आणि मग एकदम विक्कीवरच ओरडली.

"बसला काय मुडद्यावानी? घाल तिचा पाइप!"

विक्कीनं हात खाली केला. सिंधूताईनं पाइप वर दिला, दुसरं टोक तोंडात धरून जोरात ओढलं. पाणी आलं तशी चूळ थुंकून तिनं पाइप ड्रममध्ये सोडला. गोपिकानं पुढे होऊन तो पाइप धरला.

"तू जाय घरी पोरीले घेऊन. मी भरते तुहा ड्रम."

घरी कोणी नव्हतं. सिंधूताईचा नवरा लहानू हिंगण्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. मेघा दाराबाहेरच्या छपरीत, भिंतीला टेकून बसली. आत ये असं तिला आईनं म्हटलं नाही, आणि तीही आत गेली नाही.

"त्याइचा फोन नाही लागून राहिला, आई," मेघा म्हणाली. "साहेबाइच्या बसा पहिले गेल्या. ठेकेदाराच्या मानसाइले आतच ठेवलं. म्हने, काम अर्ध्यावर हाय."

"मुडदे बसले त्याइचे! साहेबाचा जीव जीव, अन् आमच्या जावयाचा नाही?"

"मी गेटवर बोंबलली ना. शिपायानं मलेच हाकललं. पोरगी घेऊन जा नाही त बस चुकन, म्हने."

सिंधूताईनं त्या शिपायाला, ठेकेदाराला आणि टीव्हीवरच्या त्या इस्त्रीच्या शर्टाला ऐकवता येईल तेवढं ऐकवलं. बोलता बोलता तिचा घसा बसला. मग तिला लेकीच्या ओठांवरची पापुद्रे निघालेली कातडी दिसली.

"थांब. उन्हाची आली तू. पानी आनते."

ती आत गेली. मांडणीवर स्टीलचे ग्लास पालथे घातलेले होते, सकाळी राखेनं घासून ठेवलेले. तिनं माठातून गडवा भरला. हात ग्लासाकडे गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग ती नुसता गडवा घेऊन बाहेर आली.

"हात पुढं कर."

"गिलास?"

"खरकटे पडले सारे."

मेघानं उघड्या दारातून आत पाहिलं. मांडणी दारासमोरच होती. मग तिनं पिशवी बाजूला सारली. उकिडवी बसली, मान खाली घातली आणि ओंजळ तोंडाशी नेली. सिंधूताईनं वरून धार धरली. धार बरोबर ओंजळीत पडत होती, गडवा वीतभर वरच होता. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मेघा घटाघटा प्याली. गडवा अर्धा झाला तेव्हा तिनं मनगटानं तोंड पुसलं.

"कॅम्पातही असंच पाजत होते," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच सिंधूताईला सोसवेना. "उन्नतीलेही येते आता."

आपलं नाव ऐकून उन्नती आईच्या मागून पुढे आली. आजीसमोर उकिडवी बसली. इवली ओंजळ तोंडाशी धरली.

गल्लीकडून पावलांचा आवाज आला म्हणून सिंधूताईनं वर पाहिलं. छपरीच्या तोंडाशी गोपिका उभी होती, हातात गुंडाळलेला हिरवा पाइप. ती किती वेळची उभी होती कोण जाणे. तिनं पोरीच्या ओंजळीकडे पाहिलं, मग गडव्याकडे, मग सिंधूताईकडे. ती काहीतरी बोलेल, निदान एक शिवी तरी हासडेल, म्हणून सिंधूताई वाट बघत राहिली.

गोपिकानं पाइप भिंतीशी ठेवला आणि ती निघून गेली.

"आजी, टाक ना पानी," उन्नती म्हणाली, मान वर न करता.