निळी बशी, लाल बशी

त्या गुरुवारी देवगाव फाट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सेलूकडून, जिंतुराकडून, पार मंठ्याकडून माणसं आलेली, आणि ज्याच्या त्याच्या हातात एक बाटली. कुणाची खोकल्याच्या औषधाची, कुणाची गोडेतेलाची, एका पाटलाची तर चक्क अत्तराची. आत काय होतं ते विचारू नका. सकाळी उठल्याबरोबर माणूस जे वाड्याबाहेर टाकून येतो, ते ही मंडळी एसटीत मांडीवर सांभाळत घेऊन आली होती. कारण फाट्यावरच्या लिंबाखाली चिनी वैद्य बसला होता.

चिनी म्हणे चिनी! गुलाबी साटिनचा झगा, पुठ्ठ्याची टोकदार टोपी आणि हनुवटीखाली लोंबणाऱ्या दोन मिशा. पुढ्यात लोबानाचा धूर असा की पुढच्या रांगेतली माणसं ठसकत होती.

"सुनो भाईलोग! चीन मुलूख में शंभर साल की बुढिया सुईत धागा ओवती! दागदर क्या करता? तुमचं रगत काढता, पैसा काढता! हम क्या करता? मुंगीला विचारता! मुंगी झूट बोलती क्या?"

"न्हाई!" शे-दीडशे गळे एकदम ओरडले.

ही मुंगीची गोष्ट वैद्यानं शोधलेली नव्हती. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्याला साखरेचा आजार, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगतं, आणि त्यात थोडंफार तथ्य आहेही. वैद्यानं नेमकं तेच उचललं. त्याच्याकडं चिनी मातीच्या दोन बश्या होत्या, एकीवर निळा राक्षस, दुसरीवर लाल. पहिल्या दिवशी तुमची बाटली निळ्या बशीत ओतायची आणि बशी लिंबाच्या बुडाशी मुंग्यांच्या वारुळापाशी ठेवायची. मुंग्या धावत यायच्या. मग नऊ दिवस काळ्या पुड्या, आणि डोळ्यात थेंब. नवव्या दिवशी बाटली लाल बशीत. मुंगी फिरकायची नाही. साखर गेली, आता डोळे आपोआप उघडणार!

या गर्दीत मनकर्णाबाई नवऱ्याचा हात धरून उभी होती.

तिचा नवरा दत्तराव मेंढरं कातरण्यात पंचक्रोशीत एक नंबरचा. कातर अशी चालवायचा की मेंढराच्या अंगावर ओरखडा उठायचा नाही. साखरेनं त्याची नजर अंधुक झाली तेव्हा तो दिवाळीनंतर वैद्याकडं आला. नऊ दिवसांनी लाल बशीला मुंगी लागली नाही. दत्तराव घरी आला, सेलूच्या डॉक्टर माणिकरावांनी दिलेल्या गोळ्या शेळ्यांच्या वाड्यात फेकल्या आणि बाजारात बसून पावशेर जिलेबी खाल्ली. संक्रांतीच्या आत डाव्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगायला लागले. मग एका सकाळी लाल पडदा पडला, तो पडलाच.

वैद्य म्हणाला, "बीमारी बाहेर पडती! पुन्हा नऊ दिवस!" आणि दत्तराव पुन्हा पुड्या खायला लागला.

मनकर्णानं त्याला ओढत डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती मारून पाहिलं आणि बत्ती बाजूला ठेवली. मग म्हणाले, "डावा गेला, बाई. साखरेनं आतल्या बारीक शिरा फुटल्या, मागचा पडदा सुटला. उजव्यातही तेच सुरू झालंय. आठ दिवसांत हैदराबादला जाऊन लेझरच्या किरणांनी ते थांबवून घ्या, आणि गोळ्या आजपासून. नाहीतर हाही जाईल."

"न्हाई जायचा म्या," दत्तराव म्हणाला. "नववा दिस गुरुवारी हाय. मुंग्या लागल्या तर तू म्हणशील तिकडं येतो. न्हाई लागल्या तर डॉक्टरचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे नवऱ्याचा उरलेला डोळा आता मुंगीच्या हाती.

मनकर्णा सोमवारी एकटीच फाट्यावर आली. वैद्य पेटी उघडून लाल बशी काढत होता, तेवढ्यात लोबानाच्या धुरातून एक ओळखीचा उग्र दर्प तिच्या नाकात शिरला. ती जागच्या जागी थबकली. शेळ्यांना गोचीड झाले की ती दर पंधरवड्याला जी पांढरी पावडर त्यांच्या अंगाला चोळायची, तीच ही, गॅमेक्झिन! तिनं लिंबाच्या बुडाशी पाहिलं. लाल बशी ठेवायच्या जागेभोवती मेलेल्या मुंग्यांचा सडा पडला होता, आणि शे-दीडशे डोळस माणसांतल्या एकालाही तो दिसला नव्हता.

ती तशीच सेलूला गेली. "डॉक्टरसाहेब, त्या भाड्याचा मला मुडदा पाडायचाय. कसा पाडू सांगा."

डॉक्टर हसले नाहीत. "मुडदा नको, परीक्षा घ्या. ज्यात साखर नाही असं काही निळ्या बशीत जाऊ द्या, आणि जे नुसतं गोड आहे ते लाल बशीत. त्याला कळू देऊ नका. मग बशी बोलते की आजार, ते सगळ्यांना दिसेल."

"पण लोक म्हणतेत गुण आला. आमच्या गावच्या सगुणाबाईला दिसायला लागलं म्हणं."

"डोळ्यात उतरलेलं रक्त कधीकधी आपोआप निवळतं, बाई. ज्याचं निवळलं तो फाट्यावर येऊन पेढे वाटतो. ज्याचा डोळा गेला तो घरी खाटेवर बसतो, त्याला कोण मोजतं? चीनच्या पाल्यात गुण नसेलच, असं मी म्हणत नाही. असेलही. पण शंभर जणांना ते औषध द्यावं, शंभर जणांना तशीच दिसणारी खोटी पुडी, आणि डोळे तपासणाऱ्याला माहीत नसावं कुणाला काय दिलं. त्यातून जे निघेल ते मी मान्य करीन."

आणि आज गुरुवार. मनकर्णानं पदर खोचला आणि गर्दी रेटत पुढं गेली. कनवटीला तीन बाटल्या होत्या.

"वैद्यबुवा, आधी मला बघा. लय चक्कर येयलीय."

वैद्यानं पहिली बाटली निळ्या बशीत ओतली. बशी वारुळापाशी ठेवली. पाच मिनिटांत काठावर मुंग्यांची रांग लागली. वैद्यानं छाती पिटली. "अरे बापरे! बाई नहीं, साखर कारखाना! दोन महिन्यांत अंधी!"

बायका चुकचुकल्या. मनकर्णानं मान खाली घातली, नाहीतर तिच्या डोळ्यांतला जाळ त्याला दिसला असता.

"आता ह्यांची बघा. नववा दिस हाय," तिनं दुसरी बाटली दिली. ती लाल बशीत गेली. दत्तराव श्वास रोखून उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आलेल्या चार मुंग्या काठाजवळ वळवळून उलट्या झाल्या, पण तेवढं बघतंय कोण! वैद्यानं हात वर केले. "साफ! एकदम साफ! उजवी आँख फूल जैसी!"

"चिनी वैद्यबुवा की जय!" गर्दी ओरडली. दत्तरावाच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बघ मनकर्णे, म्हणलं न्हवतं तुला?"

मनकर्णानं पहिल्या बाटलीत राहिलेलं उचललं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली.

"आगं आगं! काय पियायलीस, सटवे!" एक म्हातारी किंचाळली. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला.

"बिनसाखरेचा पातळ चहा हाय, आत्याबाई. ह्या चहाला साखरेचा आजार झालाय म्हणं." मग तिनं दुसरी बाटली त्याच म्हातारीपुढं धरली. "आन् ह्ये चाखा."

म्हातारीनं भीतभीत बोट बुडवून जिभेला लावलं. "गुळाचं पाणी की गं ह्ये!"

"अस्सल गूळ! आन् गुळाला मुंगी लागंना ह्याच्या बशीत! ह्याच्या औषधानं गुळातली साखर बी गेली का रे, मुडद्या?"

वैद्य पेटीकडं सरकला, पण दोन मेंढपाळांनी त्याचा झगा धरला. मनकर्णानं निळी बशी रिकामी करून त्याच्या तोंडासमोर धरली. "चाट."

त्यानं चाटली. काय करतो?

"गोड हाय का न्हाई?"

"हाय," तो पुटपुटला. चीन मुलूख एका शब्दात संपला. निळ्या बशीला आतून गुळाचा पाक लावून वाळवलेला होता.

तिनं लाल बशी उचलली. काठाखाली आणि बुडाला पांढरी पावडर चिकटली होती. "आता ही चाट."

"न्हाई आक्का... पाया पडतो..."

"कामून? निळी चाटलीस ना? रोग खाणारा राक्षस हाय म्हणं हिच्यावर. चाट!"

"इख हाय त्ये, आक्का! मरंन म्या! गोचिडाची पावडर हाय!"

हे अस्सल आपल्याकडचं मराठी दीडशे माणसांनी ऐकलं. पुढचंही त्यानं न विचारता ओकलं. पुडीत बाभळीचा कोळसा आणि लिंबाचा पाला, थेंबात गुलाबपाणी, मिशा घोड्याच्या शेपटीच्या आणि नाव सीताराम.

मनकर्णानं तिसरी बाटली काढली. दत्तरावाची, पहाटेची, खरी. पळसाच्या पानांचा साधा द्रोण वारुळाच्या दुसऱ्या अंगाला ठेवून त्यात ओतली आणि नवऱ्याला हाताला धरून जवळ बसवलं. उजव्या डोळ्यानं त्यानं वाकून पाहिलं. द्रोण बघता बघता मुंग्यांनी काळा झाला.

दत्तराव गुडघ्यावर हात टेकून उठला. मग त्यानं हात पुढं केला. "चल, गाडी कवा हाय हैदराबादची?"

तोवर चपला उगारल्या गेल्या होत्या. मनकर्णा मध्ये आडवी आली. "हात लावू नका! मार खाऊन ह्यो मोकळा होईल आन् पुढल्या फाट्यावर जपानी होऊन बसंल. ह्याला ठाण्यात न्या. आन् ज्यांचे डोळे गेलेत त्यांना एकेकाला हाताला धरून तिथं आणा. मोजू द्या साहेबाला." मग ती गर्दीकडं वळली. "आन् तुमी! औषध चीनचं असो न्हाईतर आपल्या शेजारच्या चारठाण्याचं, आधी इचारत जा. किती जणांना दिलं? किती बरे झाले? किती आंधळे झाले? आन् औषध न घेता किती बरे झाले असते? जो सांगंना त्याच्या हाती शेळीचा डोळा बी देऊ नका, सोताचा तर लांबच."

एकेक जण लिंबामागं जाऊन आपली बाटली रिकामी करून आला.

सीतारामला ट्रॅक्टरवर चढवताना तो मनकर्णाच्या पायाशी लोळला. "आक्का, पोटासाठी केलं. माफ करा. ह्यांचा उजवा डोळा वाचल ना आता..."

"उजवा वाचल," मनकर्णा म्हणाली. "तेवढ्यासाठीच तुला जित्ता ठिवलाय. डाव्याची माफी मागायची तर ह्यांच्या डाव्या डोळ्यासमोर जाऊन उभा ऱ्हा. त्याला दिसलास, तर करंल माफ."