को म्हणजे कोठा

भूमिकाने तीन पिशव्यांवर आपल्या हाताने तीन अक्षरं लिहिली, आणि त्या अक्षरांनीच तिचा घात झाला.

सावनेरपलीकडच्या एका गावात शोभाताईंच्या बोरवेलमधून पाण्याबरोबर गॅस येत होता. बादली भरली की बुडबुडे निघत, काडी ओढली की निळी ज्योत उभी राहायची. बंद पडलेली कोळशाची खाण गावाला लागूनच. खाणवाले म्हणत, गॅस तुमच्या शेणाचा आहे. शोभाताईंचं घर आठ म्हशींच्या दुधावर चालायचं. हा वाद मिटवायला नेमलेल्या कमिटीने ठरवलं, गॅस शेणाचा निघाला तर जनावरं गावाबाहेर, खाणीचा निघाला तर तो बाहेर काढायची सोय खाणवाल्यांनी करायची. तपासणीचं काम आलं रामदासपेठेतल्या एका खासगी प्रयोगशाळेकडे, म्हणजे प्रेमानंद सरांकडे आणि त्यांच्या हाताखालच्या भूमिकाकडे.

काम तसं सरळ. मिथेन सगळा सारखाच दिसतो, पण त्यातला कार्बन दोन प्रकारचा, हलका आणि जड. शेण कुजवणारे जीवाणू हलका कार्बन आवडीने वापरतात, म्हणून शेणाच्या गॅसचा आकडा उणे साठच्याही खाली जातो. त्या खाणीतला गॅस जड, त्याचा आकडा उणे चाळिसाच्या आसपास. हे भूमिकाला शिकवलं सरांनीच, टपरीवर तर्रीपोहे खाता खाता.

बोरचा गॅस भरलेल्या पिशवीवर तिने ‘बो’ लिहिलं, खाणीच्या पिशवीवर खदानीचा ‘ख’, आणि कोठ्यातल्या शेणखड्ड्याच्या पिशवीवर ‘को’. गुरं बांधायच्या जागेला इकडे कोठाच म्हणतात. पुण्याचा माणूस अडखळला असता एक वेळ, पण सर इकडचेच, काटोलचे. शोभाताईंनी त्याच कोठ्यात दोघांना दूध पाजलं, तेव्हा “आमच्या कोठ्यातही असाच वास येत होता” असं सरच म्हणाले होते.

आकडे आले. बो उणे त्रेचाळीस, ख उणे बेचाळीस, को उणे चौसष्ट. बोरमध्ये खाणीचाच गॅस होता, शेंबड्या पोरालाही कळावं इतकं उघड. सरांनी अहवाल लिहिला, शेवटचं पान पुढे सरकवलं, आणि भूमिकाने डोळे झाकून सही ठोकली.

दीड महिन्याने पूर्ण अहवाल तिच्या हाती पडला. आकडे जसेच्या तसे होते. खाली बारीक अक्षरात टीप होती: ‘ख म्हणजे खताचा खड्डा, को म्हणजे कोळसा.’ झालं, बोरचा गॅस शेणाचा ठरला आणि खाण सुटली.

ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली. “सर, को म्हणजे कोठा.”

“अक्षरं तू लिहिली, मी वाचली,” सर मान वर न करता म्हणाले. “गैरसमज होते कधी कधी.”

“शेणाचा आकडा उणे बेचाळीस येते का? तुम्हीच शिकवलं ना मले?”

“कमिटीत कोणाले समजते ते?” आता सरांनी तिच्याकडे पाहिलं. “खाणवाल्यांच्या बाकी खाणींचं पाच वर्षांचं काम मिळून राहिलं आपल्याले. तुझीही नोकरी पक्की होते. डोकं काहून खराब करून राहिली?”

चूक असती तर तिने पोटात घातली असती. पण ज्याने बोट धरून शिकवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि तोही तिच्याच अक्षरांनी. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही संताप आला. जिन्यात उभं राहून तिने आपल्या वहीच्या पानाचा फोटो कमिटीला पाठवला आणि सावनेरची एसटी धरली.

शोभाताईंच्या अंगणात कोठा नव्हता. त्याची टिनं आणि लाकडी बल्ल्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. शोभाताई बोरवर बादली भरत होत्या आणि बादलीत बुडबुडे येतच होते.

“ताई, म्हशी?”

“दिल्या विकून. लोक म्हणत होते थांब, कोर्टात जाऊ. मी म्हटलं, कागदावर भूमिकाची सही हाय, ते पोरगी खोटं नाही लिवत.”

भूमिकाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शोभाताईंनी ऐकून घेतलं आणि बोर बंद केली.

“मंग वाचल्याबिगर सही काहून केली वं?”

“सर होते ना, ताई. त्यांच्यावर विश्वास होता.”

“हो,” शोभाताई म्हणाल्या. “मलेही तसंच वाटलं. तू होती म्हणून.”