शाळेपर्यंतचा रस्ता

कासोंडेने संगणकाच्या डब्याचे झाकण काढले, आत जोरात फुंकर मारली आणि उडालेल्या धुळीने स्वतःच खोकत बसला. मग आतल्या फटीत बोट घालून पाहिले. जागा रिकामीच होती.

"मामी, मी मामांना ग्राफिक्स कार्ड आणून दिलं होतं. दोन वर्षं झाली. बसवलंच नाही?"

न्गोसाने कपाट उघडले, खालच्या कप्प्यातून एक खोके काढले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

कासोंडेचे तोंड उतरले. किटवेच्या बाजारात त्याचे टायपिंग आणि झेरॉक्सचे लहानसे दुकान होते. स्वतःच्या दुकानात जुनी यंत्रे रेटत त्याने मामासाठी नवे कार्ड आणले होते. कापेंब्वामामा शाळेत कारकून होता. शाळेने मोडीत काढलेला हा संगणक तो घरी घेऊन आला आणि त्यावर शहर वसवण्याचा खेळ खेळू लागला. त्या बापड्या यंत्रात चित्रांसाठी वेगळे कार्ड नव्हते. एकाच चिपने आकडेमोडही करायची आणि चित्रेही काढायची. एकटीने मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटायचा आणि दारच्या पाहुण्यांशीही बोलायचे, तशी त्याची गत होती. चित्र धापा टाकत पुढे सरकायचे.

काल घरात वाटणी झाली. महिन्यापूर्वी वारलेल्या मामाच्या चीजवस्तू थोरल्यांनी चटईवर मांडल्या. कोट धाकट्या भावाला गेला, सायकल चुलतभावाला, आणि बहिणीचा मुलगा म्हणून कासोंडेच्या वाट्याला हा संगणक आला. न्गोसाने हरकत घेतली नाही. नेण्याआधी तो खेळ एकदा मला दाखव, एवढेच तिने मागितले. सहा वर्षे नवरा त्या पडद्यात डोके घालून काय बघत होता, ते तिला बघायचे होते.

सहा वर्षांपूर्वी त्याने खेळ बघायला बोलावले तेव्हा ती गेली नव्हती. पोटची पोर मातीआड होऊन महिनाही झाला नाही आणि बापाला खेळ सुचतो, असे ती त्या दिवशी तोंडावर बोलली होती. तो एवढेच म्हणाला होता, "ये ना, बाना चिलेशे. बघ तरी."

बाना चिलेशे, चिलेशेची आई. दफन झाल्यापासून शेजारपाजारचे ते नाव टाळायचे, तिला लागू नये म्हणून. नवरा तेवढा त्याच नावाने हाक मारायचा. त्याने पुन्हा कधी तिला पडद्यापाशी बोलावले नाही, पण आपल्या स्टुलाशेजारी दुसरे स्टूल मांडून बसायचा. ती रोज सकाळी ते उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची.

दोन वाजता वीज आली. ती पाचपर्यंत राहायची. कासोंडेने बटण दाबले, आणि दोघांचा चहा पिऊन झाला तेव्हा कुठे खेळ उघडला.

त्याला वाटले होते, मामाने आतापर्यंत किटवेपेक्षा मोठे शहर उभे केले असेल. पडद्यावर होता एक रस्ता, वीस-पंचवीस घरे, एक दवाखाना आणि रस्त्याच्या टोकाला एक शाळा.

"सहा वर्षांत एवढंच?" तो हसला. मग तारीख बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. "शेवटचं सेव्ह सहा वर्षांपूर्वीचं आहे, मामी. म्हणजे रोज खेळायचे आणि सेव्ह न करताच बंद करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा इथूनच सुरुवात. कमालच म्हणायची."

"विजेमुळे राहत असेल."

"रोज?"

मामाने सावल्या बंद केल्या होत्या, झाडे बंद केली होती, नदीचे पाणीही थिजवून टाकले होते. तरी चित्र अडखळत होतेच. कासोंडे म्हणाला की मामांनी उलटेच करून ठेवलेय. यंत्राला खरा भार होतो तो रस्त्यावर चालणाऱ्या माणसांचा. त्याने माणसे बंद केली. क्षणात चित्र लोण्यासारखे सरकू लागले. रस्ते ओस पडले.

न्गोसाला ते बघवेना. "माणसं परत आण," ती म्हणाली.

माणसे परत आली, अडखळत, पाय ओढत. त्यातल्या एका छोट्या डोक्यावर नावाची पिवळी पाटी होती. कासोंडेने पुढे वाकून ती वाचली.

"चिलेशे कापेंब्वा. वय सात. शाळेत चालली आहे."

चिलेशेला सात वर्षे पूर्ण झालीच नव्हती. युनिफॉर्म शिवून आला होता, शाळा उघडायला आठवडा होता, आणि हिवतापाने तीन दिवसांत तिला नेले. ती शाळेची पायरी चढलीच नाही.

पडद्यावरच्या मुलीने पाऊल उचलले. चित्र थांबले. मग पाऊल खाली टेकले.

न्गोसा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि स्टूल घेऊन आली. नवऱ्याच्या स्टुलाला खेटून ते ठेवले आणि बसली. डोळ्यांतून पाणी गळत होते, ते तिने पुसले नाही.

"तसंच चालू ठेवलं तर पुढं काय होतं?" तिने विचारले.

"मोठी होते. शाळा संपते, नोकरीला लागते. मग पुढं…" तो थांबला. "सगळ्यांचं होतं तेच."

"आणि तुझं कार्ड बसवलं असतं तर?"

"भर्रकन शाळेत पोचली असती. वर्षंही तशीच पळाली असती."

बोलून गेल्यावर त्याला आपलेच शब्द ऐकू आले. त्याने पुढ्यातल्या खोक्याकडे पाहिले. मग ते कपाटात होते तिथे नेऊन ठेवले आणि डब्याचे झाकण जागच्या जागी बसवून एकेक स्क्रू आवळू लागला.

"हे मशीन इथंच राहू दे," तो खाली मान घालून म्हणाला. "फार मठ्ठ आहे. माझ्या दुकानात याचा काय उपयोग?"

"थोरले विचारतील."

"सांगेन मी त्यांना."

शेवटचा स्क्रू आवळून झाला तरी तो उठला नाही. मुलगी अजून दुसऱ्याच घरापाशी होती.

"सावल्या चालू करू?" त्याने विचारले. "आणखी हळू होईल, बाना चिलेशे."

न्गोसाने होकाराची मान हलवली. त्याने बटण दाबले. यंत्र आतून घरघरले, चित्र गोठले, आणि बऱ्याच वेळाने मुलीच्या पायाशी एक लहानशी सावली पडली. साडेतीन झाले होते. वीज पाचला जायची. शाळा रस्त्याच्या पार त्या टोकाला होती.