सहाव्या जागेचा बोनस

सहा नंबर कधीच हरत नव्हता आणि कधीच जिंकत नव्हता. त्याचं काय करावं, हे रेणूला आठ दिवस सुचत नव्हतं.

कामठ्याच्या यादोराव बिसेनांची ही मुलगी खेळांचे नकाशे करायची. खेळ मोबाइलवरचा, लढाईचा. सहा खेळाडू सहा जागांवरून सुरुवात करतात आणि एकमेकांची गावं जिंकतात. एखाद्या टापूतली सगळी गावं ज्याच्या हाती, त्याला दर डावाला जादा शिपाई मिळतात, तो बोनस. कोणी कुठून सुरुवात करायची आणि कुठल्या टापूला किती बोनस द्यायचा, हे असं बसवायचं की सहाही जणांना जिंकायची सारखी संधी मिळावी. गावाला वाटे, पोरगी दिवसभर गेम खेळते. वाटू दे. ज्यांना पंगतीत सहा पानांवर सारखी भाजी वाढता येत नाही, त्यांनी तरी हसू नये.

हा नकाशा तिने आपल्याच मुलखावर बेतला होता. धानाची गावं, मोठाले तलाव, तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध. सहाव्या जागेची चार गावं तलावात शिरलेल्या जमिनीवर होती. तीन बाजूंना पाणी, बाहेर पडायला पाळीवरची एकच वाट. तेवढी राखली की आत कोणी येत नसे, म्हणून सहा नंबर हरत नसे. पण तीच वाट समोरच्याने अडवली की त्यालाही बाहेर पडता येत नसे. बोनस तीन होता. तो दोन केला तर सहा नंबर दहाव्या डावाच्या आत खलास होई. चार केला तर आत बसून शिपायांचे ढीग लावी आणि खेळ संपता संपत नसे.

हैदराबादच्या कंपनीने साफ कळवलं होतं. नकाशा जमला तर नोकरी, पण हैदराबादला येऊन. होकार रविवारी पाचपर्यंत. वय सत्तावीस. चौथ्यांदा दार उघडत होतं, आणि पाचव्यांदा कोणी उघडेल असं तिला वाटत नव्हतं.

आधीची तीन दारं कोणी बंद केली, असं विचारलं तर बोट दाखवायला माणूस नव्हता. यादोरावांनी मुलीला जन्मात कधी ‘नाही’ म्हटलं नाही. पुण्याला शिकायला जाते म्हणाली, तर त्यांनी गावात सगळ्यांत आधी घरी फायबर आणलं. नागपूरची नोकरी लागली, तर दारात नवी स्कूटी उभी केली. रायपूरचं बोलावणं आलं, तर माडीवर एसीची खोली बांधून दिली. गावभर वाहवा झाली. बाप असावा तर असा! आणि दर वेळी रेणू ओशाळून घरीच राहिली. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. देतच सुटणाऱ्याशी कुठून भांडणार? त्या गार खोलीत तिला अलीकडे घुसमटायला होई, आणि त्याचीही लाज वाटे.

हैदराबादचं ऐकून यादोराव एवढंच म्हणाले होते, “पाहू ना. मंडई होऊ दे.”

मंडई रविवारीच होती. दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरात पाहुणे मावत नाहीत, रात्रभर दंडारीचं लोकनाट्य चालतं आणि निम्म्या सोयरिकी त्या दोन दिवसांत जुळतात.

शनिवारी दुपारी रेणूने नकाशा कागदावर छापून छपरीत, पुढच्या ओसरीवर, अंथरला. संगणक काय चुकतो ते माणसांच्या खेळण्यातून कळेल, असं तिला वाटलं. शिपाई म्हणून डब्यांतले दाणे घेतले. थोरला भाऊ योगराज गोंदियाच्या राइस मिलमध्ये होता, सुट्टीवर आला होता. त्याने दोन जागा घेतल्या, रेणूने तीन. यादोरावांनी पाणी पाहून सहावी निवडली आणि तुरीचे दाणे पुढ्यात ओढले.

पाच डाव झाले. यादोराव जागचे हलले नाहीत. दर डावाला बोनसचे तीन दाणे मोजून घेत आणि पाळीवर रचत.

“बाबा, तुम्ही बाहेर निघत काऊन नाही?” रेणूने विचारलं.

“निघून काय करू? बसल्या जागी तीन भेटून राहिले.”

“अशानं जिंकणार नाही तुम्ही.”

“हरत बी त नाही ना!” आणि ते खुशीत हसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अर्जुनी मोरगावचे बिसनलाल होते. यादोराव बोलत अंगणात गेले. आई, शामकला, तिथेच सुपात तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि नवऱ्याच्या पाटावर बसली.

“मी खेळू का?”

चारही गावांत तिने एकेक दाणा ठेवला. उरलेले सगळे मुठीत घेतले आणि पाळीवरून थेट योगराजच्या गावांत घातले.

“माय, काय करून राहिली? घर उघडं पडलं तुहं! बोनस जाईन!” योगराज म्हणाला.

“जाऊ दे.”

दोन गावं तिने घेतली. पुढच्याच डावात योगराजने मागे पाळ अडवली, पुढून रेणू आली आणि आईचा एकही दाणा उरला नाही. ती मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. रेणूने तिला इतकं हसताना कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

“बाहेर कसं हाय, ते त पाहिलं,” आई म्हणाली. मग नकाशाकडे बोट करून म्हणाली, “पण रेणू, जायची-यायची वाट एकच कायले ठेवली? एवढा तलाव हाय, डोंगा नाही का कोनापाशी?”

रेणू बघतच राहिली. मासे धरणाऱ्या धिवरांचे डोंगे तर ती लहानपणापासून पाहत होती. नकाशात पाणी काढलं आणि होडी विसरली!

यादोराव आत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. “जमलं! बिसनलालचा पोरगा लीलाधर घरजावई व्हाले तयार हाय. उद्या चारले येऊन राहिले थे लोक. आता बेटा, तुले सासरी बी जा लागत नाही!”

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रेणूला रडू फुटेल असं वाटलं. वर्षानुवर्षं वाढत चाललेल्या बोनसमध्ये आता नवराही आला होता.

संध्याकाळी तिने तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत डोंग्याची वाट काढली आणि संगणकाकडून दोनशे खेळ खेळवून घेतले. सहा नंबर तरीही आतच बसला. दोन वाटा होत्या, पण बसून तीन मिळत होते. तिने बोनस तिनाचा एक केला. मग मात्र तो निघाला. डोंग्याने निघाला, पाळीवरून निघाला, मार खाल्ला, मारलं. दोनशेपैकी पस्तीस खेळ जिंकला. सहा जणांत याहून सारखा वाटा कोणता? रात्रीच तिने नकाशा कंपनीला पाठवला.

रविवारी सकाळी उत्तर आलं. नकाशा पसंत, पाचपर्यंत होकार कळवा. तिने ते फक्त आईला सांगितलं. आई पुऱ्या लाटत राहिली.

चारला पाहुणे आले. लीलाधर साधा, शांत, बरा मुलगा होता, हीच खरी पंचाईत होती. गप्पा रंगल्या. यादोराव बिसनलालांना म्हणाले, “मी पोरीले आजवर कशाले नाही म्हटलं नाही.”

रेणू पुढे झाली. “बाबा, मी हैदराबादले जाऊ?”

यादोराव हसले. “जा ना! कोन नाही म्हनते? पण कायले जातं? हा खालचा हॉल बी देतो तुह्या ऑफिसले. एसी लावून.”

पाहुण्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. रेणूने स्कूटीची चावी आणि माडीची किल्ली काढून बापाच्या कपाशेजारी ठेवली.

“हे आधी वापस घ्या.”

यादोरावांचा चेहरा पडला. “मी काय कमी केलं तुले?”

“काहीच नाही, बाबा. म्हणूनच.”

त्यांनी दोन्ही किल्ल्या उचलल्या, तिच्या तळहातावर ठेवल्या आणि तिची बोटं आपल्या हातांनी मिटली. “पागल हाय. तुह्याच हाय थ्या.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्या मायेत खोटं काहीच नव्हतं, आणि रेणूला तो हात झिडकारता येईना. ती नुसती उभी राहिली. घड्याळात पाचला दहा कमी होते.

शामकलाने चहाचा ट्रे खाली ठेवला. ती रेणूजवळ आली, तिची मूठ एकेक बोट करून उघडली आणि दोन्ही किल्ल्या काढून पदराच्या गाठीत बांधल्या.

“स्कूटी मी शिकीन,” ती म्हणाली.

“तू?” यादोराव ओरडलेच.

“अन् माडीवरची खोली बी मलेच लागते. मले गरमी होते.” मग नवऱ्याकडे सरळ पाहत म्हणाली, “अजी, आता तिच्यापाशी इथं काहीच नाही.”

शामकला रेणूकडे वळली.

“उभी काऊन हाय? पाच वाजून राहिले.”