कान दिसत नाहीत

महदिया गावच्या मासळी बंदरामागच्या गल्लीत शेदलीचा फोटो स्टुडिओ तीस वर्षं चालला, आणि ती तीसही वर्षं शेदलीने नाकाने कांदे सोलले. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेलं माणूस पहिल्या फेरीत सुटलंय, असं सहसा व्हायचंच नाही. कान दिसत नाहीत, हनुवटी वर करा, डोळे मिटले, उद्या या. लोक कुरकुरत का होईना, उद्या यायचे, कारण गावात दुसरा फोटोवाला नव्हता. पुढे पासपोर्टच्या कचेरीतच कॅमेरा बसला आणि शेदली माश्या मारायला मोकळा झाला.

तेव्हा त्याचा मेहुणा नूरी म्हणाला, गाळा मला दे, मी मोबाइलची कव्हरं विकतो. हे शेदलीला फार झोंबलं. भर कॅफेत त्याने छाती फुगवून सांगितलं की परदेशात एक वेबसाइट आहे, जाहिरातवाले तिथून फोटो विकत घेतात. मी दहा फोटो पाठवतो. पुढच्या गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत एक जरी मंजूर झाला तरी गाळा माझा, नाहीतर किल्ली तुझी. नूरीने तिथल्या तिथे हातावर हात मारला. चार लोकांनी ऐकलं, आता मागे फिरायची सोय उरली नाही.

वेबसाइट दुसऱ्याच दिवशी उत्तर द्यायची आणि दुसऱ्याच दिवशी तोंडात मारायची. होड्यांवर मालकांची नावं वाचता येतात, नको. सूर्यास्त आमच्याकडे ढिगाने आहेत, नको. कुसकुसच्या ताटाऐवजी मागची भिंतच स्पष्ट आली आहे. नूरीचा फोटो त्याच्या शर्टावरच्या कंपनीच्या खुणेपायी गेला, त्याचं मात्र शेदलीला फारसं दुःख झालं नाही. पण ज्याच्या जोरावर तो उड्या मारत होता, त्या नवरीच्या फोटोखाली लिहून आलं की चेहरा नको इतका घासूनपुसून गुळगुळीत केला आहे. गावातल्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या शेदलीने अशाच गुळगुळीत केल्या होत्या. त्याला वाटलं, आता काय त्या सगळ्यांना परत बोलवू?

असे नऊ गेले. दहावा होता खाला मबरूकाचा; खाला म्हणजे मावशी, सगळं गाव तिला तसंच म्हणतं. ही म्हातारी मागच्या गल्लीत मातीच्या भट्टीत रोट्या लावते. फोटोत तिचा एक हात भट्टीत होता आणि ती उरलेसुरले दात दाखवून हसत होती. रविवारी उत्तर आलं: फोटो चांगला आहे, पण चेहरा ओळखू येतो, तेव्हा या बाईंच्या संमतीची सही पाठवा. ‘चांगला आहे’ एवढंच शेदलीने चार वेळा वाचलं.

सोमवारी शेदली संमतीचा कागद घेऊन तिच्याकडे पोचला. भिंतीवर मबरूकाच्या मुलीच्या, नझीहाच्या, समुद्रापलीकडे मार्सेल शहरात झालेल्या लग्नाचा फोटो टांगला होता. म्हातारीने पिठाचे हात पुसले, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली की टोपी कपाळावर आलीय, उद्या ये. म्हातारी चेष्टेखोर आहे म्हणून शेदली हसला. मंगळवारी बोडक्याने गेला, तर म्हणे कान दिसत नाहीत. हा शहाणा खरोखरच केस कापून घ्यायला गेला. न्हाव्याच्या आरशात आपले कान उघडे पडताना बघत होता, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की हे वाक्य आपलंच आहे.

बुधवारी तो मान खाली घालून म्हातारीसमोर बसला.

“मी तुम्हाला कितीदा परत पाठवलं होतं, खाला?”

“तीनदा. हसू नका, दात दिसतात, म्हणालास. पोरीच्या लग्नाला निघाले होते, हसू नको तर काय रडू? चौथ्यांदा तोंड शिवून बसले, तेव्हा पास केलंस. तोवर बोट गेली. पुढच्या बोटीने पोचले, तर लग्न होऊन एक दिवस झाला होता.”

कचेरीचा नियमच कडक होता, असं काहीतरी शेदली पुटपुटला.

“कचेरीतल्या साहेबाला मी विचारलं होतं,” मबरूका रोटी थापत म्हणाली. “तो म्हणाला, पहिलाच चालला असता.”

शेदलीने सही मागितली नाही. घरी आला, निगेटिव्हचे खोके उपसत बसला. फोटोवाला काही टाकत नाही, तेवढं एक बरं. गुरुवारी सकाळपासून त्याने डार्करूममध्ये जुन्या कागदावर ते तीन नापास फोटो मोठे करून काढले. पाण्यातून एकेक वर येत गेला. तिन्हींत मबरूका हसत होती, काळे केस, सगळे दात शाबूत, लग्नाला निघालेली आई. शेदलीला मनापासून लाज वाटली. जन्मात याहून चांगले फोटो त्याने काढले नव्हते, आणि जे काढले ते त्यानेच नापास केले होते.

तिसऱ्या प्रहरी त्याने ते तिच्या हातात ठेवले. तिने एकेक फोटो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, “तो तुझा कागद आण.”

कागद पाठवला, सूर्य मावळला आणि नूरी दारात हजर झाला. शेदलीने किल्ली दिली.

शुक्रवारी उत्तर आलं, मंजूर. कव्हरांच्या खोक्यांमध्ये स्टुलावर बसून शेदलीने ते वाचलं. आता मबरूकाच्या भिंतीवर नझीहाच्या लग्नाच्या फोटोशेजारी ते तीन फोटो लागले आहेत. लग्नाच्या फोटोत मबरूका नाही.

शुक्रवारचं ते उत्तर कळलं तेव्हा नूरीला उगाच अपराध्यासारखं झालं. “एकच दिवस रे, शेदली,” तो म्हणाला. “एका दिवसाने काय होतं? घे तुझी किल्ली.”

“राहू दे,” शेदली म्हणाला. “एका दिवसाने काय होतं, ते खाला मबरूकाला विचार.”