आठ महिने सूप

सुनेनं सासऱ्यांना स्वतःच्या हातानं कवळी करून दिली, आणि घरात सूप सुरू झालं.

सून दाताच्या दवाखान्याच्या माडीवर कवळ्या करायची. मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टरचा साचा फोडायचा, गुलाबी हिरडी घासून चकचकीत करायची. बारा वर्षांत तिनं शेकडो परक्या माणसांना दात दिले होते, घरच्या माणसाला मात्र पहिल्यांदाच. सासऱ्यांचा जुना फोटो समोर ठेवून तिनं पुढचा एक दात मुद्दाम जरासा वाकडा बसवला, त्यांचा पूर्वी होता तसा.

सासरे लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेली. पण आरशात तो वाकडा दात दिसला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"कुठे टोचत नाही ना, बाबा?"

"छे! लोणी आहे गं, लोणी."

टोचत होती. खाली, डावीकडे. पावाची कड चावली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण पोरीनं इतक्या हौसेनं केलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची?

दिवस थंडीचे होते. संध्याकाळी सुनेनं सूप केलं. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांची कृती तिला पाठ होती. कांदा परतायचा, बटाटा, मूठभर मसूर, पाणी, मिरी, आणि त्या दिवसांत जी भाजी ताजी मिळेल ती. बाबा तीन वाट्या प्यायले.

"अगदी तिच्या हातचं झालंय," ते म्हणाले. चावायला लागलं नाही, या आनंदात.

झालं! बाबांना सासूबाईंची आठवण येते, असं सुनेनं मनाशी धरलं आणि दुसऱ्या दिवशी मोठं पातेलं आणलं.

थंडीभर गाजरं होती. गाजराच्या सुपात तिनं शेवटी संत्र्याचा रस पिळला. मग मटारची पाळी आली. तिनं शेंगांची टरफलंसुद्धा उकळून, गाळून ते गोडसर पाणी सुपात घातलं. उन्हाळ्यात टोमॅटो आचेवर भाजून, त्यांची जळकी सालं थोडी ठेवून केलं. फारच उकडायला लागलं तेव्हा काकडी आणि दह्याचं थंड सूप झालं. बाबा प्रत्येक वेळी "वा!" म्हणायचे, आणि प्रत्येक "वा!"ला पातेल्यात आणखी दोन वाट्या पाणी पडायचं.

नवरा बस चालवायचा. एका संध्याकाळी त्यानं चमचा खाली ठेवला.

"अगं, माझे दात अजून शाबूत आहेत. त्यांना काहीतरी काम दे."

"बाबांचा विचार कर जरा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "दुसरं काही पुढे ठेवलं की नुसतं चिवडत बसतात. सूप कसं आनंदानं पितात बघ."

बाबा आनंदानं पीत होते, कारण मान खाली घातली की चेहरा लपत होता.

असे आठ महिने गेले. मक्याची कणसं बाजारात आली, तशी सुनेच्या डोक्यात मक्याचं सूप शिजायला लागलं. काम संपवून ती कोपऱ्यावरच्या कणीसवालीच्या गाडीपाशी गेली. गाडीवर मिठाच्या वाटीशेजारी एक रुमाल उलगडून ठेवला होता आणि रुमालात कवळी होती. पुढचा एक दात जरासा वाकडा.

आपलं काम तिनं आधी ओळखलं. सासरे त्यानंतर दिसले. गाडीच्या आडोशाला उलट्या खोक्यावर बसून, खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं ते भाजल्या कणसाचे दाणे ओळीनं सोडवत होते आणि हिरड्यांनी चघळत होते. तोंडावर इतकं समाधान तिनं आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आजोबा, किती वेळा सांगू," कणीसवाली म्हणत होती, "दात मिठाजवळ ठेवू नका. गिऱ्हाईक पळतं."

"बाबा!"

बाबांनी तोंडातले दाणे तसेच गिळले. "अगं, मी... हे सुपासाठी बरं आहे का, बघत होतो."

"दात का काढलेत?"

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. शेवटी कणीसवालीच बोलली, "टोचतात त्यांना. रोज सांगतात मला."

सुनेचे कान तापले. "म्हणजे हिला माहीत, आणि मला नाही?"

"तुझ्या कामात खोट नाही गं, सूनबाई. माझाच जबडा नतद्रष्ट."

"लोक येऊन माझ्या तोंडावर सांगतात, टोचतंय म्हणून. मी कधी रडत बसले का?"

"ते परके असतात."

"म्हणून त्यांचे दात नीट बसतात!"

कणीसवालीला हसू आवरेना. सुनेनं रुमालाची गाठ मारली, कवळी पर्समध्ये टाकली आणि सासऱ्यांना घेऊन घरी आली. बाबा वाटभर तोंडावर हात धरून चालले. दात सुनेच्या पर्समध्ये होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हिरडीवरच्या लाल जागेला जांभळी पेन्सिल लावली आणि कवळी बसवून काढली. खूण बरोबर कवळीवर उमटली. मोहरीएवढा उंचवटा होता. सुनेनं माडीवर जाऊन तो घासला, गुळगुळीत केला, खाली येऊन कवळी बाबांच्या हातात दिली आणि पर्समधून एक काकडी काढली.

"चावा."

बाबा चावले. कडकन आवाज झाला. बाकावर गाल धरून बसलेल्या पेशंटनं दचकून मान वर केली. बाबांनी तिथेच उभं राहून अख्खी काकडी संपवली.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "सूप?"

बाबांनी घसा साफ केला. "परत पाहायची इच्छा नाही."

"देवा! मला तर मार्च महिन्यापासून नाही."

त्या संध्याकाळी तिनं सासूबाईंचीच कृती केली, पाणी तेवढं वगळलं. कांदा खरपूस परतला, बटाट्याच्या फोडी सालासकट घातल्या, मसूर अख्खेच राहतील असे शिजवले, वरून मक्याचे दाणे आणि भरपूर मिरी. नवऱ्यानं ताट पाहिलं आणि काही न विचारता जेवायला बसला.

"छान झालंय," बाबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बटाटा कच्चा आहे."

इथून पुढे बाबा खरं बोलायला लागले. चाळीस वर्षांची सवय, आठ महिने दाबून ठेवलेली. कांदा करपलाय. मसूर कालचेच दिसतात. आठवडाभर सुनेनं ऐकून घेतलं आणि मग एप्रन त्यांच्या हातात दिला.

रविवारी बाबांनी स्वयंपाक केला. कच्चा कोबी, मुळा, गाजर, भाजलेले दाणे, सगळं जाडजाड कापलेलं. तिघं अर्धा तास नुसतं चावत होते.

"कसं झालंय?" बाबांनी विचारलं.

नवऱ्यानं हळूच बायकोकडे पाहिलं.

"मीठ घालायचं विसरलात, बाबा," सून म्हणाली.

बाबांनी एक घास घेतला, नीट चावून पाहिला आणि मीठ आणायला उठले.